चिप डिझाइनमध्ये आहे. अमेरिकेत शहर निवडताना बेरोजगारीचा दर पाहावा का?

पाहा, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. अ‍ॅरिझोनातलं युमा घ्या. हिवाळ्यात अमेरिकेचं बरंचसं लेट्यूस तिथून येतं. उन्हाळ्यात शेतं रिकामी, मजूर घरी आणि दर थेट दोन अंकी. महानगरांचे आकडे बहुधा हंगामाचा परिणाम न काढताच दिलेले असतात, म्हणून जुलैची तुलना मागच्या जुलैशीच करा. लास व्हेगस पर्यटनावर उभं: एप्रिल २०२० मध्ये कॅसिनो बंद, दर ३० टक्क्यांच्या वर! उलट साउथ डकोटा राज्यातल्या सू फॉल्स शहरात गेली काही वर्षं २ टक्क्यांच्या आसपास, पण चिपवाल्याला तिथे विचारतो कोण? शिवाय चार आठवडे काम न शोधणारा सहसा बेरोजगारांत धरतच नाहीत. मी तरी आधी आपल्या क्षेत्रातल्या नोकऱ्या बघेन, मग घरभाडं.