एटीपी शिकायला घेताय? आधी एवढं पक्कं करा

एटीपी म्हणजे पेशीतल्या कामांना ऊर्जा पुरवणारा रेणू. क्रेब्ज चक्रातली (अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या अभिक्रियांच्या चक्रातली) नावं आत्ताच पाठ करू नका, उगाच धास्ती बसते. आधी कागदावर एटीपी काढा: अ‍ॅडेनिन, रायबोज शर्करा आणि ओळीनं तीन फॉस्फेट. फॉस्फेटवरचे ऋण प्रभार दाखवायला विसरू नका, सगळी गंमत तिथंच आहे.

नवख्यांचा हमखास घोळ होतो तो असा:

- ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते.’ नाही! बंध तोडायला ऊर्जा लागतेच. पाण्याशी अभिक्रिया होऊन एडीपी (दोनच फॉस्फेट उरलेला रेणू) आणि सुटा फॉस्फेट बनतो, ऋण प्रभारांची ढकलाढकली कमी होते आणि तयार झालेले रेणू जास्त स्थिर असतात. त्या फरकातून प्रमाण स्थितीत मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल मुक्त ऊर्जा (कामाला वापरता येणारी ऊर्जा) मिळते. पेशीत याहून जास्त.
- ‘एटीपी म्हणजे साठा.’ साठा ग्लायकोजेन आणि चरबीत असतो. जोरात धावताना स्नायूंतला एटीपी जेमतेम काही सेकंद पुरेल, म्हणून एडीपीपासून तो सतत पुन्हा बनवावा लागतो.
- एका ग्लुकोजमागे ३६ ते ३८ एटीपी हा जुना हिशोब. आता ३० ते ३२ धरतात. परीक्षेत मात्र तुमच्या पाठ्यपुस्तकातलाच आकडा लिहा.

मायटोकाँड्रियातला (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातला) प्रोटॉनचा प्रवाह आणि एटीपी सिंथेज (एटीपी बनवणारं विकर) हे पुढच्या टप्प्यात घ्या. चित्र न बघता काढता आलं, की तिकडे वळा.