मुलगा अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजात जातोय, पहिल्याच वर्षी फुटबॉल खेळायला मिळेल का?

संघात बहुधा घेतील, पण शनिवारच्या सामन्यात मैदानावर उतरेलच असं नाही. हे अमेरिकन फुटबॉल, आणि छोटी कॉलेजं बहुतेक ‘डिव्हिजन ३’मधली, म्हणजे कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या गटातली. मैदानात एका वेळी ११ जण, पण संघात अनेकदा शंभरावर मुलं असतात. बाहेरगावच्या सामन्यांना सगळ्यांना नेत नाहीत. पहिल्या वर्षाची बरीच मुलं मागेच राहतात.

मग ती करतात काय? आठवडाभर ‘स्काउट टीम’, म्हणजे सरावात प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणारा संघ. कोच हातात पुठ्ठा धरतो, त्यावर पुढच्या प्रतिस्पर्ध्याची चाल काढलेली असते. ती बघायची, जागा घ्यायची आणि आपल्याच सीनियरांच्या धडका झेलायच्या. टाळ्या नाहीत, पण खेळ खरा तिथेच पक्का होतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी ज्युनिअर संघाचे वेगळे सामने असतात, त्यात संधी मिळण्याची शक्यता जास्त.

सराव सगळीकडे सारखाच नसतो. मिनेसोटातल्या सेंट जॉन्सचे कोच जॉन गॅग्लिआर्डी सरावात टॅकल (समोरच्याला धरून खाली पाडणं) करूच देत नसत, कुणाला संघातून काढतही नसत. तरीही कारकिर्दीत ४८९ विजय!

पैशांचं आधीच सांगते: डिव्हिजन ३मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. गुणांवर किंवा घरच्या उत्पन्नावर मात्र मदत मिळते. सराव ऑगस्टमध्ये, वर्ग भरण्याआधीच सुरू होतो, तेव्हा विमानाचं तिकीट त्या हिशोबाने काढा. आणि प्रवेश घेण्याआधी कोचला थेट विचारा: गेल्या वर्षी पहिल्या वर्षाची किती मुलं खेळली?