इंटरनेटवर सापडलेल्या मजेशीर वेबसाइट्स घरच्यांना पाठवतो, पण कुणी उघडतच नाही. काय करावं?

नाहीच उघडणार. मी सहा वर्षं हेच केलंय. वर कुणाचा तरी गुड मॉर्निंगचा गुलाब, खाली गुडघेदुखीवरचा काढा आणि मध्ये माझी लिंक, सोबत "भारी आहे, बघा". पुण्यातला आमचा दादा तेवढा न चुकता उत्तर द्यायचा, "उपयोग काय ह्याचा?"

तुमच्या प्रश्नाकडे येतो, पण आधी आप्पांचं सांगू द्या.

आप्पा म्हणजे माझे वडील. सोलापुरी चादरीच्या जकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रासाठी, ग्राफ काढण्यात त्यांचा जन्म गेला. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचा, त्याबरहुकूम यंत्राच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडायची. भोक असेल तिथला हूक उचलला जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो, नसेल तिथे धागा खालीच. पुढे डिझाइन कॉम्प्युटरवर व्हायला लागली आणि त्यांच्याकडे येणारं काम आटलं. हाताची खोड मात्र गेली नाही. पेपरातल्या शब्दकोड्यातसुद्धा ते शब्द भरत नाहीत, नक्षी भरतात.

गेल्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सगळे घरी जमले होते. मी लॅपटॉपवर गूगलच्या क्रोम म्युझिक लॅबमधलं साँग मेकर उघडून बसलो होतो. २०१८ पासून आहे ते, फुकट, लॉगिनची भानगड नाही. पडद्यावर नुसते चौकोन. डावीकडून उजवीकडे वेळ सरकते, वर जाल तसा सूर चढतो. चौकोन दाबला की तो वाजणार. आप्पा मागे येऊन उभे राहिले. जरा वेळानं म्हणाले, "हा ग्राफ कुणाचा आहे?"

खुर्ची त्यांना दिली. माउस धरायची सवय नाही, तरी अर्ध्या तासात कोयरी भरली. वाजवली तर नुसता गोंगाट! साहजिक आहे, भरीव कोयरी म्हणजे एका उभ्या ओळीत आठ-दहा सूर एकदम. आप्पांनी न सांगता आतले चौकोन पुसले, फक्त कड ठेवली. मग जरा गाणं झालं. मी सेटिंग्जमध्ये जाऊन सुरांचा आवाका तीन सप्तकांचा केला, स्केल पेंटॅटॉनिक, म्हणजे पाच सुरांचं, केलं. सा रे ग प ध, म्हणजे भूपाचेच सूर. म आणि नी नाहीतच, त्यामुळे कुठेही बोट ठेवा, कानाला टोचत नाही. आप्पांनी कोयरी नव्यानं काढली. त्या दिवशी जेवायला साडेतीन वाजले.

तिथे सेव्ह केलं की आपण केलेल्या सुरावटीचीच लिंक मिळते. ती ग्रुपवर टाकली आणि खाली एवढंच लिहिलं, "आप्पांची कोयरी. वाजवून बघा." आत्यानं उघडली, तिच्या नातवानं उघडली, एरवी नुसता अंगठा दाखवणाऱ्या काकांनीही उघडली. दादाचा मेसेज आला, "देठाजवळचा एक चौकोन चुकलाय." आप्पांनी मला टाइप करायला लावलं, "चुकला नाही. ऐकायला बरा वाटला म्हणून ठेवला. चादरीत चाललं नसतं."

तर उत्तर हे: वेबसाइट पाठवू नका, तिच्यावर तुम्ही काय केलंत ते पाठवा. एका वेळी एकच. ज्याला जे आवडेल तेच द्या. माझी भाची क्विक, ड्रॉ! वर रमते, २० सेकंदांत चित्र काढायचं आणि कॉम्प्युटरनं ते ओळखायचं. आप्पांना त्यात काडीचा रस नाही. बरं, "नंतर बघू" म्हणून ठेवूही नका. फ्लॅश नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणारे कितीतरी खेळ मी असेच ठेवले होते. २०२० संपताना फ्लॅश बंद झालं आणि त्यातले बरेचसे गेले.

आणि "उपयोग काय" विचारणाऱ्याला समजावत बसू नका. दादा शनिवारी सहा तास क्रिकेट बघतो, त्याचा उपयोग मी कधी विचारलाय का बे?

अर्थात प्रत्येकाच्या घरी ग्राफ काढणारे आप्पा नसतात, हे कबूल. आणि लॉगिन किंवा मोबाइल नंबर मागणारं काहीही म्हाताऱ्या माणसांना पाठवू नका, कितीही गंमतशीर असलं तरी. साँग मेकर मोबाइलवर चालतं, पण चौकोन फार बारीक दिसतात. आप्पा मोबाइल डोळ्यांना लावून दोन मिनिटं बघतात आणि मग लॅपटॉप मागतात, म्हणून हे उत्तर मी फोनवरून लिहितोय.