आधी मास्क, मग मार्जिन

नाशिक, मंगळवार

डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रेडिएशनमध्ये पॅरोटिडचा (कानापुढच्या लाळग्रंथीचा) सरासरी डोस २६ ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं एकक) खाली येईना, म्हणून पीटीव्हीचं मार्जिन, म्हणजे लक्ष्याभोवती चुकीसाठी धरलेली कड, ५ मिलिमीटरवरून ३ करू का, असं विचारलंस. लाळ वाचवायची तुझी धडपड समजते. २०११ च्या पारस्पोर्ट चाचणीत आयएमआरटीमुळे (लाळग्रंथी वाचवून डोस देणाऱ्या तंत्रामुळे) वर्षानंतर तोंडाच्या त्रासदायक कोरडेपणाचं प्रमाण ७४ टक्क्यांवरून ३८ वर आलं होतं. पण मार्जिन कापायला ते तुझं आहे का?

ते विभागाच्या सेटअप एररमधून, म्हणजे रुग्णाला रोज टेबलावर झोपवताना होणाऱ्या चुकीतून निघतं. मागच्या वीसेक रुग्णांचे सीबीसीटीचे (उपचाराच्या टेबलावरच घेतलेल्या सीटीचे) शिफ्ट, म्हणजे रुग्ण किती सरकला होता ते आकडे काढ. रोज दुरुस्ती होत असेल तर दुरुस्तीनंतर उरलेली चूक धर. सिस्टिमॅटिक (रोज तीच होणारी) चूक १.५ आणि रँडम (रोज बदलणारी) २ मिलिमीटर असेल, तर पहिलीला २.५ ने, दुसरीला ०.७ ने गुणून बेरीज ५.१५ येते. त्याच चुका १ आणि १.५ वर आण, साडेतीन येईल. त्या खाली येतात मोल्ड रूममध्ये, जिथे डोकं-मान जागच्या जागी धरणारा प्लास्टिकचा मास्क बनतो. आधी मास्क, मग मार्जिन.

तूच लिहिलंयस, सी-२ (मानेचा वरून दुसरा मणका) जुळतो आणि सी-७ (मानेचा शेवटचा) सहा मिलिमीटर सरकलेला. टेबल हलवून हे सुटत नाही रे, मान वेगळ्या कोनात वाकलीय. एक टोक धरलं की दुसरं सुटतं. रुग्णाला उठवून पुन्हा झोपव. मधलं काहीतरी जुळवून बीम चालू करायचा नाही!

डिसेंबरात निफाडकडून मफलर-स्वेटरमध्ये आलेल्या आजोबांचे खांदे थंडीने वर चढलेले असतात. तसाच मास्क घेतला, की जरा ऊब आली तरी खांदे उतरतात आणि मास्क बसत नाही. स्वेटर काढून, पांघरूण देऊन दहा मिनिटं पडू दे. दाढी, कवळी, काढायचे दात, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) हे सगळं मास्कच्या आधी. मास्कची शीट ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात पूर्ण मऊ होऊ दे; कपाळ, नाकाचा दांडा, हनुवटी इथे बोटांनी बसव आणि कडक होईपर्यंत हात काढू नकोस. बाहेर रांग आहे म्हणून घाईत काढलेली शीट नंतर आकसते. हेडरेस्टचा नंबर मास्कवरच लिही, फाइल हरवते.

मला मास्कवेडा म्हणतात, म्हणोत बापडे. तो अर्धा तास पुढे ३३ दिवस वसूल होतो.

चौथ्या आठवड्यात वजन उतरून मास्कखाली बोट जायला लागलं, तर कापूस कोंबू नकोस. नवा मास्क, नवा सीटी, नवा प्लॅन. मात्र तेवढ्यासाठी शेकात (रेडिएशनमध्ये) खाडा पडू देऊ नकोस.

राहिली पॅरोटिड. गाठीच्या बाजूची पीटीव्हीत शिरली असेल तर तिचा हट्ट सोड, पलीकडची २० च्या खाली आण.

उद्या त्याच रुग्णाला पुन्हा झोपवून सी-७ चा आकडा कळव. तरीही चार-पाच मिलिमीटर असेल, तर मास्क नवा कर. मार्जिनचं नंतर बोलू.