जनुकात फक्त क्रम असतो, मग प्रथिनाला आकार कोण देतं?

तुम्ही विचारलंय की डीएनएमध्ये फक्त अमिनो आम्लांचा क्रम असतो, मग त्या आम्लांच्या साखळीची, म्हणजे प्रथिनाची, घडी कशी पडायची हे कुठून ठरतं. आणि एकाच आम्लाच्या बदलाने आजार कसा होतो. घडी बहुतेक वेळा त्या क्रमातूनच ठरते, वेगळ्या सूचना लागत नाहीत.

क्रमाचं पटकन उरकतो. जनुकाची आरएनए प्रत निघते, रायबोसोम हे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र ती तीन-तीन अक्षरांनी वाचतं आणि एकेक अमिनो आम्ल जोडत जातं. ६४ त्रिकुटांपैकी ३ ‘थांबा’ सांगतात, उरलेली ६१ मिळून २० अमिनो आम्लं दर्शवतात.

यातल्या काही आम्लांचं पाण्याशी जमतं, काहींचं अजिबात नाही. पेशीत तर चहूकडे पाणी. मग न जमणारी आत दडतात, जमणारी बाहेरच्या अंगाला राहतात आणि साखळी आपोआप गोळा होते.

‘आपोआप’ हे उगाच म्हणत नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ क्रिश्चियन अनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज हे १२४ अमिनो आम्लांचं विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) घेतलं, युरियाने त्याची घडी उलगडली आणि त्यातले चारही गंधकबंध, म्हणजे सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लांच्या जोड्यांमधले बंध, तोडले. काम ठप्प! मग युरिया काढून बंध पुन्हा जुळू दिले, तर विकर परत कामाला लागलं. आठ सिस्टीनच्या चार जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात. लागल्या त्या मूळच्याच. युरिया तसाच ठेवून बंध जुळवले तेव्हा मात्र जोड्या भलत्याच लागल्या, विकर जवळजवळ निकामी. म्हणजे बंध घडी पाडत नाहीत, पडलेली घडी पक्की करतात. शिवाय परीक्षानळीत पेशी नव्हतीच, म्हणजे घडी क्रमातूनच ठरली! माझ्या मते जीवरसायनशास्त्रातला हा सगळ्यात देखणा प्रयोग. १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये अनफिन्सन यांचा वाटा होता.

पेशीत मात्र फार दाटी असते, अर्धवट घडीच्या साखळ्या एकमेकींना चिकटतात. ते टाळायला शॅपेरोन नावाची प्रथिनं असतात. ती आकार शिकवत नाहीत, मुख्यतः चिकटाचिकटी रोखतात. काही प्रथिनांना तर ठरावीक घडीच नसते, तरी ती व्यवस्थित काम करतात.

आता आजाराचं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनच्या (लाल पेशींतलं ऑक्सिजन वाहणारं प्रथिन) १४६ आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. गंमत म्हणजे घडी फारशी बिघडत नाही. पण पाण्याशी न जमणारं व्हॅलिन नेमकं पृष्ठभागावर बसतं. ऑक्सिजन सुटला की ते शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खोबणीत अडकतं, रेणूंचे लांब तंतू होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते.