पद्मिनीचे ब्रेक घरीच करायचेत, काय काय आणू?

प्रश्न: बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी आमच्या रत्नागिरीच्या घरी चार वर्षं शेडमध्ये उभी आहे. पेडल पार खाली जातं, मागच्या डाव्या चाकाला आतून ओल दिसते. गॅरेजवाला म्हणतो पार्ट मिळत नाहीत, खरंय का?

उत्तर: मिळतात हो, ही गाडी बनायचीच कुर्ल्याला, आणि मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे अजून माल निघतो. पण आधी चाकामागचा ब्रेकचा ड्रम (गोल लोखंडी डबा) खोला, मग एसटी पकडा, उगाच दोन खेपा नकोत. व्हील सिलिंडरचं (फ्लुइडच्या दाबाने ब्रेक ढकलणारी छोटी नळी) रबर बूट, म्हणजे टोकाची टोपी, उचलून बघा, आत फ्लुइड असेल तर गळती तिथलीच, मग पिस्टन काढून आत नख फिरवा, गुळगुळीत लागलं तर नुसती रबर किट चालेल पण खड्डे लागले (आपल्या खाऱ्या हवेत लागतातच) तर अख्खा सिलिंडरच घ्या, किटवर पैसे घालवू नका. जुना पार्ट पिशवीत टाकून न्या, दुकानदाराच्या "हाच बसतो"वर जाऊ नका. लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) फ्लुइडने भिजले असतील तर ते गेले, धुवून परत लावू नका, आणि बदलताना मागच्या दोन्ही चाकांचे बदला नाहीतर गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढणार. रबर होजला (फ्लुइड नेणाऱ्या पाइपला) चिरा असतील तर तेही.

ब्रेक फ्लुइड डॉट ३ ग्रेडचं, सीलबंदच. गेल्या पावसाळ्यातला उघडा डबा नको, ते हवेतलं पाणी ओढतं. आणि ड्रममधली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक तंतू) असायचं, ओल्या फडक्याने पुसा.