सिकलसेलच्या भावाचा चालण्याचा आकडा दर वेळी वेगळा येतो. कोणता खरा धरायचा?

ताई, तुमच्या 29 वर्षांच्या भावाला एसएस पॅटर्न आहे (म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलसेलचा जनुक आलेला, प्रत्यक्ष आजार असलेला), सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत त्याचे 380, 430 आणि 345 मीटर आले, आणि तो सुधारतोय की खालावतोय असं तुम्ही विचारलंय. मी गडचिरोली जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट आहे, सिकलसेलची मोठी माणसं रोज बघतो. नुसत्या या तीन आकड्यांवरून काहीच ठरवू नका. तिन्ही वेळा मोजलं कसं, ते आधी विचारा.

पहिली गोष्ट वाटेची. चाचणीला सहसा 30 मीटर सरळ, सपाट वाट धरतात. आमच्याकडे एका ठिकाणी 12 मीटरच्या व्हरांड्यातच चालवायचे. 360 मीटर चालायला 30 मीटरच्या वाटेवर 11 वळणं लागतात, त्या व्हरांड्यात 29. प्रत्येक वळणाला वेग मोडतो. त्यात सिकलसेलमध्ये मोठेपणी खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड खचू शकतं, अशा माणसाला वळणंच जड जातं. माझी एक पेशंट सरळ चालताना अजिबात लंगडायची नाही, पण वळली की दर वेळी उजव्या खुब्यावर तळहात दाबायची. तिचा कमी झालेला आकडा व्हरांड्याचा होता, आणि आम्ही तो तिच्या नावावर लिहीत होतो. याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी बोलण्याची. चाचणी घेणाऱ्यानं दर मिनिटाला ठरलेलं वाक्य, ठरलेल्या आवाजात बोलायचं: "छान चालताय, पाच मिनिटं राहिली." बाजूला उभं राहून घरचे "चाल ना बे, जोरानं चाल" म्हणाले की आकडा वाढतो. वाईट वाटून घेऊ नका, पण चाचणीच्या वेळी तुम्ही बाहेरच बसा. थकला तर तो थांबू शकतो, घड्याळ मात्र चालूच राहतं.

पहिल्यांदा चालणाऱ्याला अंदाज नसतो, म्हणून दुसऱ्या खेपेला आकडा बहुतेक वाढतोच. त्यासाठी किमान अर्धा तास विसाव्यानंतर पुन्हा चालवतात आणि जास्तीचा आकडा धरतात. तुमचे 380 आणि 430 हे असंच असू शकतं. भाऊ दमला असेल तर दुसरी खेप दुसऱ्या दिवशी घ्या, ओढाताण नको.

345 कधी आला ते आठवा. दुखण्याचा झटका येऊन गेल्यावर लगेच, की रोवणीच्या दिवसांत? मे महिन्यात दुपारी तर ही चाचणी घेऊच नये. ऊन आणि अंगातलं पाणी कमी होणं, दोन्हींनी झटका येऊ शकतो. सकाळी, सावलीत, पाणी पिऊन, नेहमीच्याच चपला घालून.

सोबत खुर्चीची चाचणीही करून घ्या: 43 सेंटिमीटर उंचीची, भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर, 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभा राहतो ते मोजायचं. प्लॅस्टिकची लवचीक खुर्ची नको.

आणि आकड्याशेजारी एक ओळ नक्की लिहायला सांगा: कशानं थांबला, दम लागून की खुबा दुखून? दम असेल तर डॉक्टर हिमोग्लोबिन, फुप्फुसं आणि हृदय बघतील. खुबा असेल तर साध्या एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून गप्प बसू नका. हाड खचण्याआधीचं सुरुवातीचं नुकसान त्यात दिसत नाही, एमआरआयबद्दल विचारा.